रानतुरीचं बी उगवत का नाही? ई-क्लासवर वाया गेलेल्या एका पावसाळ्याची गोष्ट



पीएचडीला नुकतीच नोंदणी केलेले किंवा पेटच्या तयारीला लागलेले बरेच जण विचारतात, "ताई, पहिला प्रयोग कसा मांडायचा?" याचं सरळ उत्तर द्यायचं तर मला माझा पहिला प्रयोग कसा फसला, तेच सांगावं लागेल. लाज वाटते थोडी, पण पुस्तकात न सापडणारा धडा त्यातच आहे.

माझा विषय थोडक्यात असा. वऱ्हाडातल्या ओसाड चराऊ जमिनींवर इथलीच बहुवर्षायू द्विदल वनस्पती बियांपासून वाढवता येते का, म्हणजे जनावरांना चारा मिळेल आणि जमीनही सावरेल. त्यासाठी मी निवडली रानतूर. शास्त्रीय नाव कजॅनस स्कॅराबॉइडिस. पहिल्या वर्षी, मृगाचा पाऊस पडला तसं गावाच्या ई-क्लासवर बी पेरलं आणि वाट पाहिली. जुलै गेला, ऑगस्ट गेला. रोपं उगवली ती बोटावर मोजण्याइतकी. मी वहीत लिहून टाकलं: "बी निकृष्ट, उगवणक्षमता नाही." हे वाक्य चुकीचं होतं. ते का चुकीचं होतं, हेच आज समजून घेऊ.

ई-क्लास आणि तिथलं गवत

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. गावाच्या सामाईक, सरकारी चराऊ जमिनीला आमच्याकडं सर्रास 'ई-क्लास' म्हणतात. अमरावती-अकोल्याच्या काळ्या जमिनीत कापूस, सोयाबीन, तूर. उरलेल्या मुरमाड, उथळ, चढउताराच्या तुकड्यांवर ई-क्लास. गावची ढोरं आणि बकऱ्या तिथंच चरतात.

दबडघाव आणि शंकरनारायण यांच्या १९७३ च्या 'द ग्रास कव्हर ऑफ इंडिया' या ग्रंथात भारतातल्या गवताळ प्रदेशांचे प्रकार पाडलेत. त्यात आपला भाग सेहिमा-डायकँथियम प्रकारात येतो. आपल्या भाषेत पवना आणि मारवेल यांचा. पण जास्त चराई झाली की ही चांगली गवतं आधी संपतात आणि कुसळी शिल्लक राहते. कुसळी पावसाळ्यात कोवळी असते तोवर ढोरं खातात. फुलल्यावर तिची कुसळं तोंडात आणि कातडीत रुतायला लागतात.

दुसरी अडचण प्रथिनांची. चाऱ्यातली कच्ची प्रथिनं साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले सूक्ष्मजीव नीट काम करू शकत नाहीत. पोट भरतं, पण अंगाला लागत नाही. दिवाळीनंतर वाळलेलं गवत सहसा या रेषेच्या खालीच असतं. म्हणूनच आपल्याकडं तुरीच्या आणि हरभऱ्याच्या कुटाराला एवढी किंमत. कुरणातच एखादी द्विदल वनस्पती गवताच्या जोडीनं वाढली तर चाऱ्याची प्रत सुधारते, आणि मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंमुळं जमिनीला नत्रही मिळतं.

मग स्टायलो का नको? तिचं बियाणं मिळतं, पेरायची पद्धत ठरलेली आहे, आणि अनेक ठिकाणी ती चांगली वाढतेही. तिच्याशी माझं भांडण नाही. पण ती मूळची अमेरिका खंडातली. चाऱ्यापुरतं बोलायचं तर ती चालेल. जिथं मूळचं कुरण परत आणायचं आहे, तिथं मात्र आधी इथं काय होतं हे विचारावं लागतं.

रानतूरच का?

रानतूर ही धुऱ्यावर, झुडपांच्या आडोशाला, गवताला विळखा घालून वाढणारी वेल. तीन-तीन पानांचा समूह, पानांच्या बगलेत छोटी पिवळी फुलं, आणि अंगभर लव असलेली आखूड शेंग. बी तुरीच्या दाण्यापेक्षा बरंच लहान, काळपट. बियांच्या नाळेपाशी पांढुरकी गाठ असते, त्यामुळं ते बी एखाद्या भुंगेऱ्यासारखं दिसतं. नावातल्या 'स्कॅराबॉइडिस'चा अर्थही भुंगेऱ्यासारखा असाच आहे.

इथं एक सावधगिरी. 'रानतूर' हे नाव याच कुळातल्या आणखी काही रानटी जातींनाही लावतात. जुन्या पुस्तकांत ही वनस्पती 'अटायलोशिया' या प्रजातीखाली सापडेल. १९८६ मध्ये फान डेर मेसेन यांच्या मोनोग्राफनं अटायलोशिया कजॅनसमध्ये विलीन केली. तेव्हा साहित्य शोधताना दोन्ही नावं टाका, नाहीतर अर्धे संशोधन निबंध हुकतील. आणि बी गोळा करताना त्याच झाडाचा हर्बेरियम नमुना काढून ठेवा. दोन वर्षांनी परीक्षकांनी "ही तीच जात कशावरून?" विचारलं तर तोंडी उत्तर चालत नाही.

वऱ्हाडसाठी या वेलीचं आणखी एक महत्त्व आहे. ती आपल्या तुरीची सख्खी नसली तरी चुलत बहीण आहे. तूर पैदासकार तिला तुरीच्या 'दुय्यम जनुकसंचया'त धरतात, म्हणजे दोघींचा संकर होऊ शकतो. गुजरातमध्ये विकसित झालेलं जीटीएच-१ हे तुरीचं संकरित वाण २००४ मध्ये आलं. त्यात वापरलेली नरवंध्यता याच रानतुरीच्या पेशीद्रव्यातून आली आहे. तिच्या शेंगेवरच्या दाट लवेमुळं शेंगा पोखरणाऱ्या अळीची लहान पिल्लं सहज आत शिरू शकत नाहीत. ज्या अळीवर आपला शेतकरी दरवर्षी फवारणीचा खर्च करतो, तीच ही अळी. धुऱ्यावरचं तण म्हणून ही वेल खुरपून टाकताना आपण काय टाकतोय, याचा विचार करा.

मेलेलं बी आणि कडक बी

आता मूळ मुद्दा. पेरलेलं बी उगवलं नाही, तर त्याची तीन कारणं असू शकतात. बी मेलेलं आहे. किंवा जिवंत आहे पण परिस्थिती योग्य नाही. किंवा जिवंत आहे, परिस्थितीही योग्य आहे, तरीही ते उगवत नाही. तिसऱ्या प्रकाराला सुप्तावस्था म्हणतात. बास्किन दांपत्यानं २००४ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात सुप्तावस्थेचे पाच वर्ग आहेत. द्विदल कुळात सर्रास दिसणारा वर्ग म्हणजे भौतिक सुप्तावस्था. बियांच्या सालीत उभ्या पेशींचा एक घट्ट थर असतो, तो पाणी आत जाऊच देत नाही. आतला गर्भ तयार असतो, फक्त त्याला पाणी मिळालेलं नसतं.

या थरात पाणी शिरायची ठरलेली जागा असते. अनेक द्विदलांत ती नाळेच्या खुणेजवळचा 'लेन्स' नावाचा छोटा उंचवटा. इथं एक खड्डा आहे, मीही त्यात पडले होते. जुन्या निबंधांत लेन्सला 'स्ट्रोफिओल' म्हणतात, आणि वर सांगितलेल्या पांढुरक्या गाठीलाही स्ट्रोफिओलच म्हणतात. शब्द एक, वस्तू दोन. निबंध वाचताना लेखक नेमकं कशाबद्दल बोलतोय, ते आकृती पाहूनच ठरवा.

आणखी एक सुंदर गोष्ट. १९५४ मध्ये न्यूझीलंडच्या हाइड यांनी क्लोव्हर आणि लुपिनच्या बियांवर दाखवलं की नाळेची खूण झडपेसारखं काम करते. बाहेर हवा कोरडी असली की झडप उघडते आणि आतली ओल बाहेर जाते. बाहेर दमट झालं की ती मिटते. म्हणजे बी फक्त वाळत जातं, आणि जितकं वाळतं तितकं कडक होतं. आता आपल्याकडं बघा. शेंगा पावसाळ्यानंतर वाळायला लागतात आणि पुढं महिनोन्महिने कोरडी हवा. मी बी मस्त उन्हात वाळवून, डब्यात घालून, वर पिशवी बांधून ठेवलं होतं. किती काळजीनं मी त्याला आणखी कडक केलं, बघा!

न पेरता तपासायचं कसं?

खालच्या तपासण्यांना महागडं यंत्र लागत नाही. पेरणीच्या निदान दोन महिने आधी करा.

पहिली, पाणी पिण्याची तपासणी. बियांचे दोन गट करा. एका गटातल्या प्रत्येक बीला नाळेच्या विरुद्ध बाजूला ब्लेडनं हलकासा छेद द्या, दुसरा गट तसाच ठेवा. दोन्ही गट वजन करून ओल्या टिपकागदावर ठेवा आणि ठरावीक तासांनी बी पुसून पुन्हा वजन करा. छेद दिलेल्यांचं वजन भराभर वाढलं आणि न दिलेल्यांचं जवळपास तेवढंच राहिलं, तर अडथळा सालीत आहे हे सिद्ध झालं. दोन रेषांचा हा आलेख माझ्या प्रबंधातला सगळ्यात साधा आणि सगळ्यात कामाचा आलेख आहे.

दुसरी, उगवण तपासणी. आंतरराष्ट्रीय बीज तपासणी संस्थेच्या म्हणजे इस्टाच्या नियमांनुसार १०० च्या चार गटांत ४०० बिया घेतात. महत्त्वाचं म्हणजे निकाल 'उगवलं' आणि 'नाही उगवलं' एवढ्या दोनच रकान्यांत लिहीत नाहीत. सामान्य रोपं, विकृत रोपं, कडक बी, पाणी पिऊनही न उगवलेलं ताजं बी आणि मेलेलं बी असे वेगवेगळे रकाने असतात. बोटानं दाबा: मेलेलं बी पचकन फुटतं, कडक बी खड्यासारखं राहतं.

आपल्या तुरीच्या प्रमाणित बियाण्याचा नियमही असाच आहे. किमान उगवण ७५ टक्के, 'कडक बियांसह'. म्हणजे ज्याला मी निकृष्ट म्हटलं होतं, त्याला बियाणं कायदा जिवंत म्हणून मोजतो. माझ्या वहीत कडक बियांचा रकानाच नव्हता. रकाना नसेल तर ती गोष्ट आपल्याला दिसत नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

तिसरी, टेट्राझोलियम तपासणी. छेद देऊन भिजवलेल्या बिया या द्रावणात ठेवल्या की जिवंत ऊती लाल होतात, मेलेल्या रंगहीन राहतात. चार दिवसांचं काम एका दिवसात होतं. रंग कसा वाचायचा ते मात्र अनुभवी माणसाजवळ बसून शिका.

एक इशारा. एकाच डब्यातल्या बिया चार पेट्री डिशमध्ये टाकून "माझ्याकडं चार पुनरावृत्ती आहेत" असं म्हणू नका. त्या डिश त्या डब्याबद्दल सांगतात, रानतुरीबद्दल नाही. याला छद्म-पुनरावृत्ती म्हणतात. हर्लबर्ट यांचा १९८४ चा निबंध पहिल्या सहा महिन्यांत वाचलाच पाहिजे. वेगवेगळ्या जागांवरून, वेगवेगळ्या झाडांवरून बी आणा आणि शेवटपर्यंत वेगळं ठेवा.

साल उघडायची कशी? अकोल्याच्या दाल मिलमधला धडा

पुस्तकात तीन उपाय मिळतात. संहत सल्फ्युरिक आम्ल, गरम पाणी आणि खरडणं. आम्लाचा परिणाम चांगला होतो, पण प्रयोगशाळेपुरता. हातमोजे, चष्मा, आणि आम्ल नेहमी पाण्यात, पाणी आम्लात कधीच नाही. गावातल्या बचत गटाच्या हातात मी ते देणार नाही. गरम पाणी स्वस्त, पण तापमान थोडं चुकलं की गर्भ शिजतो. उरलं खरडणं. एकेक बी सँडपेपरवर घासणं शंभर बियांना ठीक, किलोभर बियांना कोण घासणार?

उत्तर अकोल्यात मिळालं. अकोला तूरडाळीच्या मिलसाठी प्रसिद्ध. एका मिलमध्ये पाहिलं, की डाळ करण्याआधी तूर खरखरीत एमरी रोलरवरून नेतात. सालीला ओरखडे पडतात, मग तेल लावतात, म्हणजे ते आत झिरपून साल सुटी होते. मी तिथंच उभी राहिले. बियांच्या सालीतून काहीतरी आत घालायचं तर आधी ओरखडा पाडायचा, हे आपल्या दाल मिलवाल्यांना केव्हाचं माहीत आहे! मी फक्त त्याची छोटी नक्कल केली. आतून सँडपेपर लावलेला एक डबा, त्यात बी, आणि ठरावीक वेळ गोल फिरवणं. किती वेळ फिरवायचा हे अंदाजानं ठरवू नका. वेगवेगळ्या वेळा घ्या आणि प्रत्येकीची उगवण मोजा. कमी फिरवलं तर साल तशीच राहते. जास्त फिरवलं तर बी फुटतं आणि विकृत रोपांचा रकाना भरतो. तुमचं उत्तर या दोन्हींच्या मधे कुठंतरी असतं.

याचा बियाण्यावर काय परिणाम होतो ते उदाहरणानं बघा. समजा १०० पैकी २० बिया लगेच उगवतात आणि ६० कडक आहेत. चौरस मीटरला १० रोपं हवी असतील तर ५० बिया लागतील. खरडल्यावर ७० उगवायला लागल्या तर साधारण १४ पुरतात. शेतातली नासाडी वेगळी. रानटी बी हातानं, धुऱ्याधुऱ्यानं गोळा करावं लागतं. शेंगा एकदम पिकत नाहीत, पिकल्या की तडकून बी उडवतात. अशा वेळी ५० आणि १४ मधला फरक म्हणजे कित्येक दिवसांची मेहनत.

मग सगळंच बी खरडायचं का?

इथं मी दुसरी चूक करणार होते. ती एका गायकी काकांनी टाळली. पहिल्या वर्षीच्या त्याच तुकड्यावर दुसऱ्या जूनमध्ये मी नवी मोजमापं घेत होते. काही न पेरलेल्या ओळींत... म्हणजे मला वाटलं न पेरलेल्या, रानतुरीची रोपं दिसली. त्या माझ्या गेल्या वर्षीच्या ओळी होत्या. मी त्यांना झारीनं पाणी घालत होते, तेव्हा काका ढोरं घेऊन आले.

"काहून वं पोरी, तनाले पाणी देऊन राह्यली?"

मी सगळं सांगितलं. गेल्या वर्षीचं बी मेलं असं समजले होते, ते यंदा निघालं. ते हसले. "अवं, रानातलं बी सगयंच्या सगयं एका वर्षी निंघत नाई. काही यंदा, काही पुढच्या साली. सगयंच निंघालं अन् पाण्यानं उघाड देल्ली, त मंग?"

काकांनी जे एका वाक्यात सांगितलं, त्याचं गणित डॅन कोहेन यांनी १९६६ मध्ये मांडलं. सोपं करून सांगते. १०० बिया आहेत. चांगल्या वर्षी उगवलेल्या प्रत्येक बीमागे १० नव्या बिया मिळतात, वाईट वर्षी रोपटं मरतं. सगळ्या बिया उगवल्या तर चांगल्या वर्षानंतर १००० आणि पुढच्या वाईट वर्षानंतर शून्य. दरवर्षी निम्म्याच उगवल्या तर चांगल्या वर्षानंतर ५५०, वाईट वर्षानंतर २७५. पहिला जास्त कमावतो आणि बुडतो. दुसरा कमी कमावतो पण टिकतो. रानतूर बहुवर्षायू असल्यामुळं एकदा मूळ धरलं की झाड तगतं, पण रोपाची पहिली काही आठवडे तिचीही अवस्था अशीच नाजूक.

आपला पाऊस तर असाच जुगारी. अमरावती-अकोल्यात वर्षाला साधारण ७५० ते ८५० मिलिमीटर, पण जूनच्या पहिल्या सरीनंतर पंधरा-वीस दिवस उघाड पडणं नवीन नाही. दुबार पेरणीचं दुःख वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. शेतकऱ्याला पुन्हा बियाणं विकत आणता येतं, कर्ज काढून का होईना. रानातल्या वेलीला ते दुकान नाही. तिची शिल्लक मातीतच असते.

मग ती साल उघडते कशानं? उन्हाळ्यानं. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९६० च्या दशकात क्विनलिव्हन यांनी दाखवलं की दिवसा तापणारी आणि रात्री गार होणारी माती कडक बियांची साल हळूहळू सैल करते. अकोल्याचा मे महिना तर ४५ अंशांच्या घरात जातो. उघड्या मातीचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी तापतो. ज्या उन्हानं आपण हैराण होतो, ते रानतुरीच्या बियांचं सँडपेपर आहे, असा माझा अंदाज. तो तपासण्यासाठी आता जाळीच्या पिशव्यांत बी भरून ई-क्लासवर पुरलं आहे. दर महिन्याला एकेक पिशवी काढून मोजते.

म्हणून आता मी बियांचे दोन भाग करते. एक भाग खरडलेला, यंदा रोपं दिसावीत म्हणून. दुसरा तसाच, मातीतली शिल्लक म्हणून. दोन्हींचं प्रमाण किती असावं, हाच माझ्या प्रबंधाचा मुख्य प्रश्न झालाय. फसलेल्या प्रयोगातून निघालेला प्रश्न मूळ प्रस्तावातल्या प्रश्नापेक्षा चांगला निघाला.

पेरताना लक्षात ठेवायच्या चार गोष्टी

१. मृगाच्या पहिल्या सरीला भुलू नका. माती वीतभर ओली झाल्यावरच खरडलेलं बी पेरा. खरडलेल्या बियांना उघाड सोसत नाही.

२. बी खोल गाडू नका, बियांच्या जाडीच्या दोन-तीन पट पुरे. कुरण नांगरू नका. उताराला आडव्या उथळ रेघा मारून त्यात पेरा, म्हणजे असलेलं गवत शाबूत राहतं.

३. पहिलं वर्ष चराई बंद. या काळात झाड वर कमी आणि खाली जास्त वाढतं. हे कुंपणानं साधत नाही, गायकी आणि बकरीवाल्यांशी बोलून साधतं. त्यांना दुसरा तुकडा मोकळा ठेवा.

४. मध्येच एक रोप मुळासकट अलगद काढा, गाठ चिरून बघा. आतून गुलाबी असेल तर नत्र बांधणं चालू आहे.

बी गोळा करण्याचा शिष्टाचारही पाळा. निदान पन्नासेक झाडांवरून थोडं थोडं घ्या, आणि पिकलेल्या बियांच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नेऊ नका. मेळघाटसारख्या संरक्षित क्षेत्रात वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय एक शेंगही तोडायची नाही. धुऱ्यावरून घ्यायचं तर वावराच्या मालकाला विचारून. बी शक्यतो जवळपासचंच वापरा. तुरीच्या पट्ट्यात तिची नातलग लांबून आणून पसरवणं बरं नाही.

शेवटी, त्या वहीबद्दल. "बी निकृष्ट" हे वाक्य मी खोडलेलं नाही. त्याच्यापुढं तारीख घालून लिहिलं, "चूक. कडक बी मोजलं नव्हतं." तुम्हीही वहीतलं काही खोडू नका. आपल्याला वर्षाला एकच पावसाळा मिळतो, पीएचडीत मोजून चार-पाच. एक वाया गेला तर निदान तो का गेला, हे तरी वहीत असू द्या.

पुढच्या वेळी पुरलेल्या पिशव्यांचं काय झालं ते सांगेन. तोवर तुमच्या धुऱ्यावर भुंगेऱ्यासारखं बी दिसलं, तर खुरपणी थोडी थांबवा.